राजे शिकारीला गेले आहेत

सुआनचं राज्य गेल्या शरदात बुडालं. थाओच्या राजानं राजधानी घेतली, पितरांचं देऊळ पाडलं आणि आमच्या राजांना बैलगाडीत घालून आपल्या मुलखात नेलं.

असं काहीही घडलेलं नाही. राजे शिकारीला गेले आहेत.

दरबारी इतिहासात एवढंच लिहिलं आहे आणि ते मीच लिहिलं आहे, तेव्हा मला माहीत असायला हवं. सुआनमध्ये राजाची नामुष्की झाली की ती लिहायची एक रीत आहे: राजे शिकारीला गेले. थाओनं पश्चिमेची खिंड घेतली तेव्हा राजे पश्चिमेला शिकारीला गेले. मिठागरं गेली तेव्हा समुद्राकडे शिकारीला गेले. सख्ख्या मामांनी बंड करून त्यांना राजवाड्याबाहेर काढलं आणि थंडी वाढल्यावर दया येऊन परत आत घेतलं, तो सगळा हिवाळा राजे उत्तरेला शिकारीवर होते आणि शिकार बेताची झाली. पुढे कधी कोणी या बांबूच्या पट्ट्या वाचल्या तर त्याला वाटेल, काय राजा होता, वाघांचा कर्दनकाळ! प्रत्यक्षात राजांनी धनुष्य हातात धरलं ते एकदाच. कोणाचं तरी खाली पडलं होतं, ते उचलून द्यायला.

मी डावा लेखनिक. राजाच्या डाव्या हाताला बसायचं आणि राजा काय करतो ते लिहायचं. उजव्या हाताला पेइकाका बसायचे. राजा काय बोलतो ते त्यांनी लिहायचं. त्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या हेच काम. आजोबांनी युद्धाच्या घोषणा लिहिल्या, वडिलांनी कायदे लिहिले. पेइकाकांच्या वाट्याला ‘बरं’ आलं.

आमचे राजे ‘बरं’ म्हणायचे. कर वाढवू या, महाराज? बरं. कमी करू या? बरं. पेइकाका हिवाळ्यात शेगडीपाशी बसून ‘बरं’च्या पट्ट्या आधीच लिहून ठेवायचे. दरबार भरला की वर फक्त दिवस घालायचा.

"काका, ही लबाडी झाली," मी एकदा म्हणालो.

"एक तरी पट्टी चुकीची निघाली का? मग!" ते म्हणाले. "तुझी चैन आहे, दोउ. त्यांना शिंक आली तरी तुला एक ओळ मिळते. माझा कुंचला बघ, नवाच्या नवा. वडिलांचा पार झिजून टक्कल पडलं होतं त्याला."

राजांना ही सवय लहानपणी लागली. आमच्याकडे पितरांना जेवू घालताना मेलेल्याच्या जागी त्याच्या नातवाला बसवतात. आजोबांचे कपडे घालायचे, आजोबांच्या आसनावर बसायचं, आजोबांच्या वाटणीचं जेवायचं. तेवढा वेळ ते पोर म्हणजेच आजोबा. राजांना बसवलं तेव्हा त्यांचे दुधाचे दात पडायचे होते. खुद्द वडील, म्हणजे तेव्हाचे राजे, त्यांच्या पाया पडले आणि त्यांनी विचारलं, "नैवेद्य पोचला का?" पितरानं अशा वेळी एकच शब्द बोलायचा असतो: बरं. पोर तो नीट बोललं. सगळ्या दरबारानं हुश्श केलं. बायकांच्या रांगेत उभी असलेली त्यांची आई तोंडावर बाही धरून हसली. इतकं कौतुक त्यांच्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही. पुढे थोरला भाऊ रथातून पडून गेला, मग वडील गेले आणि यांना सिंहासनावर बसवलं. त्यांना तो तोच प्रकार वाटला असावा. मेलेल्या माणसाचे कपडे, मेलेल्या माणसाचं आसन, समोर वाकलेली माणसं. ते म्हणाले, बरं.

सुआनचा राजा स्वतःला ‘मी’ म्हणत नाही, ‘हा एकटा’ म्हणतो. आधीचे राजे ते मोठ्या तोऱ्यात म्हणायचे. आमचे राजे म्हणायचे तेव्हा नुसतं खरं वाटायचं.

त्यांची आई धाकटी राणी. ती गेल्यावर पितरांच्या देवळात तिच्या नावाची पाटी ठेवली ती अगदी कोपऱ्यात, खांबाआड. दर ऋतूला मोठ्या पितरांपुढे बैल, डुक्कर, राळ्याची दारू असं सगळं यथासांग व्हायचं. मंत्री घरी गेले की राजे कोपऱ्यात जायचे आणि आईपुढे आंबवलेल्या मुळ्याची एक वाटी ठेवायचे. तिला तो फार आवडायचा. पण तिच्या जागी बसून खायला नातवंड नव्हतं. राजांना मूलबाळ नाही. मग तेच वाढायचे, तेच पलीकडे जाऊन बसायचे आणि तेच खायचे. मी लिहायचो, ‘राजांनी मुळा खाल्ला.’ हे मात्र मी शिकार न म्हणता लिहिलं आहे.

थाओचं सैन्य नदीपाशी आलं तेव्हा महामंत्री झाई यांनी कासवाच्या पाठीला विचारायचं ठरवलं. रीतच आहे. पाठ विस्तवावर धरायची, तडा गेला की तो वाचायचा. प्रश्न होता, लढावं का? तडा गेला आणि उत्तर आलं, लढा.

"हे कासव तरुण दिसतंय," झाई म्हणाले. "दुसरं आणा."

दुसरंही म्हणालं, लढा. मग जरा वयस्कर कासव शोधलं. असं करता करता राजवाड्याच्या तळ्यातली कासवं संपली. शेवटचं इतकं चिमुकलं होतं की त्याला नीट तडाही गेला नाही. ते नुसतं काळं पडलं. झाई म्हणाले, "बघा, हे तर स्पष्टच आहे." शरणागती ठरली. राजे म्हणाले, बरं. पेइकाकांनी पट्टी काढून दिली.

शरण जायचीही रीत आहे आणि ती फक्त आम्हाला येते याचा झाईंना फार अभिमान होता. हरलेल्या राजानं कमरेवरचे कपडे उतरवायचे. हात मागे बांधून घ्यायचे, त्याच दोरीला मेंढी बांधायची. मागून मंत्र्यांनी सुतकाचे कपडे घालून शवपेटी आणायची. आणि राजानं तोंडात जेडची चकती धरायची, कारण मेलेल्याच्या तोंडात जेड ठेवतात आणि हरलेला राजा मेल्यासारखाच. मग जिंकणाऱ्यानं मोठं मन दाखवायचं. स्वतःच्या हातानं जेड काढायचं, दोरी सोडायची, शवपेटी जाळून टाकायची आणि विचारायचं, काय हवं? हरलेल्यानं एक गोष्ट मागायची. ती देतात. अशानंच राज्यं मोडली तरी देवळं शाबूत राहिली, असं झाईंनी सांगितलं.

ते ऐकताना राजे आसनावर पुढे सरकले. ‘राजे पुढे सरकले,’ मी लिहिलं. तोवर तसं कधी झालं नव्हतं.

दुपारी अंगणात तालीम झाली. थाओच्या राजाचं सोंग माझ्याकडे आलं, कारण दरबारात माझ्याकडेच जरा उद्धटपणा आहे असं झाईंचं मत होतं. मला घोडा म्हणून एक बाक दिलं. राजे उघड्या अंगानं चालत आले. फार हडकुळे होते ते. मेंढीनं वाटेत अर्थमंत्र्यांच्या सुतकी अंगरख्याचा घोळ खायला घेतला.

"तिला खाऊ द्या," झाई म्हणाले. "विधीत व्यत्यय नको."

मी बाकावरून उतरलो, राजांच्या तोंडातून जेड काढलं. ओलं आणि ऊबदार होतं. दोरी सोडली. आणि म्हणालो, "काय हवं?"

राजांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पेइकाकांकडे. मग म्हणाले, "या एकट्याच्या पितरांचं देऊळ राहू द्यावं."

पेइकाकांचा कुंचला हातातून सुटून शाईत पडला.

"महाराज," ते म्हणाले, "पुन्हा म्हणता का? मी कोरी पट्टी आणलीच नव्हती."

राजे हसले. मग ते सगळी दुपार तेच वाक्य म्हणून बघत होते. कधी हळू, कधी मोठ्यानं. ‘देऊळ राहू द्यावं’ की ‘राहावं अशी इच्छा आहे’, असं त्यांनी मलासुद्धा विचारलं. मी म्हणालो, "पहिलंच चांगलं आहे, महाराज. त्यात ‘नाही’ म्हणायला जागा नाही."

"झाई," राजांनी मध्येच विचारलं, "जेड पडलं तर?"

"पडून कसं चालेल, महाराज? जमिनीला लागलं तर वंशाचा धागा तुटला. मग पितर अन्न घेत नाहीत. देऊळ असलं काय, नसलं काय."

"आणि त्यांनी काढलंच नाही तर?"

झाईंना हसू आलं. "महाराज, जेड काढायचं असतं हे कोणाला माहीत नसतं?"

"दुसऱ्या कोणी काढलं तर?"

"तर तो विधीच नव्हे."

राजे म्हणाले, बरं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेशीबाहेर गेलो. हवा स्वच्छ होती, पर्सिमनची झाडं फळांनी लाल झाली होती. पेइकाकांनी त्यांची सगळ्यात चांगली पट्टी आणली होती, तासून गुळगुळीत केलेली. शाईही नवी घोटली होती. राजांचे ओठ जेडभोवती घट्ट मिटलेले. मंत्री मागून शवपेटी घेऊन. सुरेख पेटी होती, लाखेच्या लाल-काळ्या कामाची. राजांच्या मापाची.

थाओचा राजा घोड्यावरून उतरला नाही. चार वर्षांमागे तो डोंगरात मेंढ्यांचे कळप लुटत होता. हातात हाड होतं, ते चघळत त्यानं आमच्या रांगेकडे बघितलं.

"खुई कोन?" त्यानं विचारलं.

राजांनी मागे वळून बघितलं. आई गेल्यापासून त्यांना त्या नावानं कोणी हाक मारली नव्हती. आमच्याकडे राजाचं नाव घेणं हा गुन्हा आहे. निम्म्या मंत्र्यांना ते माहीतही नव्हतं. तेही मागे वळून बघू लागले. मग राजांच्या लक्षात आलं आणि ते एक पाऊल पुढे झाले.

"तू व्हय? कापडं कुठं गेली? थंडी वाजत न्हाय का?" थाओचा राजा म्हणाला. "आन ही पेटी? कोन मेलंय?"

झाई कमरेत वाकून म्हणाले, "शवपेटी आहे, महाराज. आपल्यासमोर, विधीप्रमाणे…"

"लई झ्याक काम हाय." तो घोड्यावरूनच वाकला आणि लाखेवरून बोट फिरवलं. "आमच्या म्हातारीला आवडंल. ठिवा गाडीत. मेंढरू बी घ्या."

पेटी गाडीत गेली. झाईंच्या चेहऱ्याचा रंग उडाला. पेटी जाळायची असते हे सांगावं तर जिंकलेल्या राजाला विधी शिकवल्यासारखं होणार आणि तसं करू नये असं विधीतच लिहिलं आहे. ते वाकलेलेच राहिले.

थाओच्या राजानं हाड फेकून दिलं आणि तटाच्या आत दिसणाऱ्या कौलांकडे बोट केलं. "त्ये उंच छप्पर कशाचं?"

"पितरांचं देऊळ," एक शिपाई म्हणाला.

"तुळया दांडग्या दिसत्यात. घोड्यांना तबेला पायजेलच हाय. काय रं खुई, पाडू का?"

हाच तो प्रश्न. फक्त उलट्या बाजूनं आला होता आणि लवकर आला होता.

राजांचं तोंड मिटलेलं. हात मागे बांधलेले. त्यांनी जोरात मान हलवली, नाही, नाही.

"मान काय हालवतोस शिंगरावानी? त्वांड न्हाय का तुला? पाडू का नको, बोल की."

राजांनी झाईंकडे बघितलं. झाई जमिनीकडे बघत होते. अर्थमंत्री मेंढीच्या रिकाम्या दोरीकडे बघत होते. राजांच्या गालांत जेड इकडून तिकडे सरकताना दिसलं, दाताला लागल्याचा आवाजही आला. एकदा ओठ उघडले आणि हिरव्या चकतीची कड बाहेर आली. मग त्यांनी खालच्या मातीकडे बघितलं आणि ओठ पुन्हा मिटले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

गाडीतून मेंढी ओरडली.

"ही तरी बोलती," थाओचा राजा म्हणाला. त्याची माणसं हसली. मग तो वैतागला. खरं तर त्यानं बराच वेळ वाट बघितली, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. "ह्याला काय बी नको दिसतंय. आपलं देऊळ आन बोलायला जीभ उचलत न्हाय. पाडा."

दुपारपर्यंत कौलं उतरवून झाली. पाट्या चुलीत गेल्या. मोठ्या पितरांच्या जाड होत्या, त्या बराच वेळ जळल्या. कोपऱ्यातली बारीक होती.

राजे तिथेच वेशीबाहेर उभे होते, हात बांधलेले, जेड तोंडात. त्यांच्याकडे आता कोणाचं लक्ष नव्हतं. कोणा शिपायाची बायको पाण्याचा वाडगा घेऊन आली, त्यांच्या ओठांना लावून बघितला आणि पाणी हनुवटीवरून ओघळलं तसं "जाऊ दे, खुळा हाय" म्हणून निघून गेली.

शेवटी पेइकाका उठले. गुडघे कुरकुरले. त्यांनी राजांची दोरी सोडली.

"पेइ!" झाई ओरडले. "हा तुमचा अधिकार नाही!"

"मला ठाऊक आहे," पेइकाका म्हणाले. त्यांनी हाताची ओंजळ राजांच्या हनुवटीखाली धरली, लहान मुलाच्या तोंडातून खडा काढताना धरतात तशी. "टाका, महाराज."

राजांनी जेड ओंजळीत टाकलं. जबडा आखडला होता, तो त्यांनी हलवून बघितला. मग त्यांनी पाठ ताठ केली, तालमीत केली होती तशी, आणि धूर येत होता तिकडे बघत, अगदी नीट, स्पष्ट म्हणाले, "या एकट्याच्या पितरांचं देऊळ राहू द्यावं."

जेड पेइकाकांच्या ओंजळीतच होतं. कुंचला कानामागे, पट्टी काखेत.

"बरं," ते म्हणाले.

थाओच्या राजानं ऐकलं होतं की मोठ्या राजांकडे दोन लेखनिक असतात, म्हणून त्यानं आम्हा दोघांनाही गाडीत घातलं. आता मी त्याच्या डाव्या हाताला बसतो. माणूस वाईट नाही. भरपूर बोलतो. पेइकाकांचा कुंचला पहिल्या हिवाळ्यातच झिजला आणि ते त्याकडे बघतसुद्धा नाहीत. झाईंना इथे विधीचा सल्लागार नेमलं आहे. पेटी म्हातारीला आवडली. तिचा इतक्यात मरायचा विचार नाही, ती त्यात राळं साठवते. म्हणते, लाखेमुळे किडे लागत नाहीत.

राजांना खरबुजांच्या मळ्याकडेला एक खोपट दिलं. मी अधूनमधून जायचो. एकदा मुळा घेऊन गेलो, आंबवलेला. इकडे तो जरा आंबट करतात. त्यांनी वाटी हातात घेतली आणि कुठे ठेवावी म्हणून सगळीकडे बघितलं. कोपऱ्यात बघितलं, खिडकीत बघितलं. मग वाटी तशीच परत दिली.

"तू खा, दोउ," ते म्हणाले.

वसंतात ते गेले. पेटी मागायला मी म्हातारीकडे गेलो, तर ती म्हणाली, "आरं, आत्ताच भरलीया." चटईत गुंडाळून पुरलं. पेइकाकांनी जेड जपून ठेवलं होतं. ते त्यांनी राजांच्या तोंडात ठेवलं, रीतीप्रमाणे. ओठ सहज मिटले, सवय होती. मी घरी येऊन पट्टी घेतली आणि लिहिलं, ‘राजे शिकारीला गेले.’ पेइकाकांची ती तासून गुळगुळीत केलेली पट्टी अजून कोरी आहे. त्या दिवशी वेशीबाहेर राजे बोलले ते मोजायचं की नाही, हे त्यांचं ठरत नाही. जेड भलत्यानं काढलं होतं, म्हणजे तो विधीच नव्हता आणि विधी नव्हता म्हणजे राजे अजून बोललेले नाहीत. झाईंचंही तेच मत पडलं. त्यावरून मी खालचा अर्ज केला आहे. थाओच्या राजाला वाचता येत नाही, तेव्हा अर्ज मलाच वाचून दाखवावा लागेल.

थाओ दरबारास डावा लेखनिक दोउ याची नम्र विनंती की, सुआनचे राजे शिकारीवरून परत येताच त्यांना देवळाविषयीचा प्रश्न पुन्हा एकवार विचारण्यात यावा. विचारण्यापूर्वी त्यांच्या तोंडातील जेड महाराजांनी स्वहस्ते काढून घ्यावे. आणि उत्तर येईपर्यंत थांबण्याची कृपा करावी.